पॅरिस तोफ
पॅरिस तोफ : पहिल्या महायुद्धात जर्मनीने पॅरिसवर मारा करण्यासाठी वापरलेली अतिदूर पल्ल्याची अवजड तोफ. क्रुप कारखान्यात फ्रिट्स राउझेनबर्गर यांच्या देखरेखीखाली ती घडविण्यात आली. ३८ सेंमी. व्यासाच्या नाविक तोफेच्या नळीत २१ सेंमी. व्यासाची लांब नळी बसविलेली असे. ही नळी स्वतःच्या भाराने वाकू नये म्हणून झुलत्या पुलाप्रमाणे तिला वरून ताण दिलेले असत.

२३ मार्च १९१८ रोजी सकाळी लां शहराजवळील क्रेपी येथून सु. १२० किमी.वरील पॅरिसवर मारा सुरू झाला. प्रारंभी हे गोळे फार उंचावरील विमानांतून पडत असावेत, असा समज झाला. परंतु तुकड्यांवरील आट्यांच्या खुणांवरून ते तोफेचेच असल्याचे उघड झाले. गोळा सु. ४० किमी. उंची गाठी व तेथील विरळ हवेत रोध नगण्य असल्याने दूरवर जाई. त्याला सु. तीन मिनिटे लागत. साहजिकच नेम धरताना पृथ्वीच्या परिवलनाचाही हिशेब करावा लागे. प्रत्येक बाराबरोबर नळी झिजत असल्याने गोळ्यांना अनुक्रमांक दिलेले असत आणि पुढचा प्रत्येक गोळा किंचित अधिक व्यासाचा असे. २९ मार्च रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, सें-झेर्व्हे चर्चवर पडलेल्या एकाच गोळ्याने ८० हून अधिक उपासकांचा बळी घेतला. ९ ऑगस्टपर्यंत चाललेल्या माऱ्यात सु. २५० लोक मृत्युमुखी पडले. लष्करी दृष्ट्या मात्र त्यातून काहीच साधले नाही.

युद्धानंतर यांतील एकही तोफ दोस्तांच्या हाती लागली नाही. अमेरिकी सैन्याला केवळ एक रिकामी बैठक सापडली. त्यामुळे समकालीन लष्करी नियतकालिकांना या विषयात असाधारण महत्त्व आले आहे. अमेरिकेत १८९२ मध्ये सुरू झालेले व १९२२ पासून ‘कोस्ट आर्टिलरी जर्नल’ या नावाने निघालेले नियतकालिक, तसेच १९११ पासूनचे ‘फील्ड आर्टिलरी जर्नल’ यांचे जुने अंक आता अंकीय स्वरूपात उपलब्ध आहेत. पूर्वी ज्यासाठी ग्रंथालयातील बांधीव खंड चाळावे लागत, ते आता घरबसल्या वाचता येते.

तथापि शब्दशोधावर सर्वस्वी विसंबणे धोक्याचे आहे. पॅरिसवासीयांनी या तोफेला ‘बिग बर्था’ म्हटले; वस्तुतः ती १९१४ मध्ये लिएजचे किल्ले फोडणारी, तोकड्या पल्ल्याची ४२ सेंमी. हॉवित्झर होय. १९१८ च्या लेखनात ‘दूर पल्ल्याची तोफ’, ‘कैसर विल्हेल्म तोफ’ अशीही नावे येतात. एकच नाव शोधणाऱ्याला निम्मा मजकूर सापडत नाही आणि सापडलेल्यांतील काही भाग भलत्याच तोफेचा असतो. जुन्या जर्मन अंकांतील गॉथिक टाइप यंत्राला नीट वाचता येत नाही, ही आणखी एक अडचण. शिवाय युद्धकाळातील आकडे बव्हंशी गोळ्यांच्या तुकड्यांवरून बांधलेले अंदाज होते. पुढील लेखकांनी ते मोजमापे म्हणून उतरून घेतले. म्हणून एखादा आकडा प्रथम कोणत्या अंकात आला, हे पाहिल्याखेरीज तो स्वीकारू नये.

अमेरिकी शस्त्रास्त्र विभागातील हेन्री मिलर यांचा या तोफेवरील ग्रंथ १९३० मध्ये निघाला. राउझेनबर्गर १९२६ मध्ये निधन पावले होते. त्यांच्या अप्रकाशित टिपणांच्या आधारे जेराल्ड बुल व चार्ल्स मर्फी यांनी १९८८ मध्ये या तोफेचे नवे विवेचन प्रसिद्ध केले. बुल यांनी स्वतः १९६६ मध्ये ॲरिझोनातील यूमा येथे जोडनळीच्या तोफेतून सु. १८० किमी. उंचीपर्यंत प्रक्षेपक धाडला होता.