पितळेचें पातेलें आणि बालकांचें यकृत

भंडारा जिल्ह्यांत तुमसरजवळ सातपुड्याच्या रांगेंत आंबागड नांवाचा किल्ला आहे. सुमारें १७०० सालीं, देवगडचा गोंड राजा बख्तबुलंद याच्या अमदानींत तो उभा राहिला व पुढें नागपूरकर भोसल्यांनीं त्याचा तुरुंग केला. तेथील कैद्यांस आंतल्या विहिरीचें कुजकें पाणी पाजून मारीत, अशी कथा सांगतात. तिची शहानिशा आतां होणें नाहीं. परंतु भंडारा शहर ज्या पितळेच्या भांड्यांसाठीं प्रसिद्ध आहे, त्या पितळेशीं निगडित अशा दुसऱ्या एका मंद विषाची शहानिशा मात्र झाली, आणि ती पुण्यांत झाली.

दीड-दोन वर्षांचें मूल चिडचिडें होई, खाणें टाकी, त्याचें पोट फुगे. उजव्या बरगडीखालीं यकृताची कठीण, धारदार कड हातास लागे. घरांतील वडील माणसें ‘मुलाला लिव्हर झालें’ एवढेंच म्हणत. कावीळ दिसूं लागली म्हणजे आशा सुटे. आणि कित्येकदां पाठच्या भावंडाचीही तीच गत होई. १८८७ सालीं कलकत्त्यास डॉ. सेन यांनीं या रोगाचें वर्णन केलें. कारण मात्र पुढें जवळजवळ शंभर वर्षें उमगलें नाहीं.

अशा मुलाच्या पोटास हात लावतांच वैद्यास पहिली शंका येते ती अर्बुदाची. बालकांच्या यकृतांत अर्बुद क्वचितच होतें, पण होतें तेंही बहुधा पहिल्या तीन वर्षांतच. सोनोग्राफीनें हा भेद पुष्कळसा कळतो. अर्बुद असल्यास यकृतांत निराळा गोळा दिसतो, आणि रक्तांत अल्फाफीटोप्रोटीन बहुधा फार वाढलेलें असतें. येथें सबंध यकृतच निबर झालेलें असतें. तें कां निबर झालें, हें मात्र चित्रांत दिसत नाहीं. त्यासाठीं सुईनें यकृताचा कण काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावा लागतो. १९७८ सालीं लंडनच्या संशोधकांनीं अशा कणांस ऑर्सिन नांवाचा रंग दिला, तेव्हां पेशींत तपकिरी ठिपके उमटले. ती तांब्याची खूण होती. निरोगी प्रौढाच्या वाळविलेल्या यकृतांत दर ग्रॅममागें तांबें सहसा ५० मायक्रोग्रॅमहून कमी असतें; या बालकांत तें शेंकड्यांनीं, पुष्कळदां हजारांनीं भरलें.

हें तांबें आलें कोठून? पुण्याच्या केईएम रुग्णालयांतील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित यांनीं इंग्लंडच्या डॉ. टॅनर यांच्यासह आयांकडे दुधाची चौकशी केली. १९८३ सालीं त्यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्यें आला. आजारी मुलांस फार लवकर वरचें दूध सुरू झालेलें होतें, आणि तें पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यांत तापवून ठेवलेलें होतें. दुधांतील केसीन तांब्यास धरून ठेवतें. कल्हई हा तेवढ्यापुरता पडदा. ती झिजली कीं दूध उघड्या पितळेस लागतें. आंबट पदार्थ पितळेंत कळकतात, हें आपल्या आज्या जाणत होत्या. दुधाला रंग चढत नाहीं, वास येत नाहीं, म्हणून तें सुटलें.

पुण्याच्या डॉक्टरांनीं पितळ टाळण्याचा उपदेश केला. माझ्या मतें त्यांच्या उपदेशाइतकेंच काम स्वस्त स्टीलनें केलें. कसेंही असो, रोग आतां अतिशय विरळ झाला आहे. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतांतही १९०० ते १९७४ च्या दरम्यान अशीं १३८ बालकें नोंदलीं गेलीं, आणि तांब्याचीं भांडीं गेल्यावर तेथील आजारही गेला. मात्र त्याच भांड्यांतील दूध पिऊन शेजारचें मूल धडधाकट राही, तें कां? टिरोलच्या घराण्यांत आनुवंशिक दोषाची चिन्हें मिळालीं, पण तो दोष कोणत्या बीजांत आहे, तें अद्याप निश्चित झालेलें नाहीं.