जन्मखुणा : दोषारोपापासून उपचारापर्यंत

घरांत मूल जन्मलें कीं बायाबापड्या प्रथम तें कोणाच्या वळणावर गेलें हें पाहतात आणि लगेच त्याच्या अंगावरचे तीळ, मस, लासें शोधूं लागतात. खूण पाठीवर असली तर ती भाग्याची ठरते. तीच गालावर असली, आणि त्यांतून बाळ मुलगी असली, तर घरांत काळजी शिरते. त्यामुळें जन्मखुणांच्या इतिहासांत कातडीच्या हकीकतीबरोबर मनुष्यस्वभावाचीहि हकीकत आली आहे.

भारतीय वैद्यकानें या खुणांचा विचार फार पूर्वींच केला. सुश्रुतसंहितेंत क्षुद्ररोगांच्या प्रकरणीं न्यच्छ, व्यंग, तिलकालक, मशक, जतुमणि अशीं वेगवेगळीं नांवें येतात. त्यांपैकीं जतुमणि ही न दुखणारी, किंचित् उंच आणि जन्मतःच असणारी खूण होय. ती शस्त्रानें काढून ती जागा क्षारानें किंवा अग्नीनें हळूहळू जाळावी, असा उपाय तेथें सांगितला आहे. उपाय कठोर खरा. परंतु खूण ओळखावी कशी हें आधीं, आणि करावें काय हें मागाहून, असा तेथील क्रम आहे.

लोकसमजुतीनें मात्र निराळीच वाट धरली. फ्रेंच आणि इटालियन या दोन्ही भाषांत जन्मखुणेला असलेल्या जुन्या शब्दाचा मूळ अर्थ 'इच्छा' असा आहे. आईला ज्या पदार्थाचे डोहाळे लागले आणि जो मिळाला नाहीं, त्याची आकृति मुलाच्या अंगावर उमटते, अशी ती कल्पना. महाराष्ट्रांत ग्रहणकाळीं गर्भवतीनें कांहीं चिरूं-कापूं नये, नाहीं तर मुलाला खोट राहते, असें सांगतात तेंहि याच जातीचें. देश निराळे, पण दोष दोहींकडे आईच्याच पदरीं! लंडनमध्यें डॅनियल टर्नर या वैद्यानें १७१४ सालच्या आपल्या ग्रंथांत या कल्पनेची बाजू उचलून धरली होती. जेम्स ब्लाँडेल यानें १७२७ सालीं पुस्तक लिहून ती खोडून काढली. याच युरोपांत सोळाव्या-सतराव्या शतकांत चेटकाच्या खटल्यांतून अंगावरचा डाग ही 'सैतानाची खूण' मानली जाई. त्यांत सुई टोचून वेदना झाली नाहीं, तर आरोपीविरुद्ध तो पुरावाच होई.

एकोणिसाव्या शतकांत या गोंधळाला हळूहळू व्यवस्था आली. जन्मखुणांचीं मुख्यतः दोन कुळें आहेत : एक रक्तवाहिन्यांचें, दुसरें रंगद्रव्याचें. रंगद्रव्याच्या कुळांत केसाळ मस, कॉफीच्या रंगाचे सपाट डाग आणि तान्ह्या मुलांच्या कमरेखालीं दिसणारा निळसर डाग येतात. या निळ्या डागाचें वर्णन जपानांत राहणाऱ्या एर्विन बेल्ट्झ या जर्मन डॉक्टरांनीं १८८५ सालीं केलें. आशियांतील बालकांत तो अगदीं सामान्य असून बहुधा कांहीं वर्षांत आपोआप मावळतो. माराचा वळ समजून घाबरण्याचें कारण नाहीं.

रक्तवाहिन्यांच्या कुळांत दोन खुणा प्रमुख आहेत. स्ट्रॉबेरीसारखी लाल गांठ बहुधा जन्मानंतर थोड्या आठवड्यांत दिसूं लागते, कांहीं महिने झपाट्यानें वाढते आणि पुढें वर्षानुवर्षें ओसरत जाते. द्राक्षमद्याच्या रंगाचा सपाट डाग, ज्याला पोर्ट-वाइन डाग म्हणतात, तो मात्र जन्मभर राहतो आणि वयाबरोबर गडद होतो. चेहऱ्यावरील अशा डागासवें कधीं मेंदूचाहि विकार असतो, हें विल्यम ॲलन स्टर्ज यांनीं १८७९ सालीं एका मुलीच्या उदाहरणावरून दाखविलें.

खुणा ओळखतां येऊं लागल्या, तरी त्या घालविण्याची घाई कमी झाली नाहीं. शिकागोच्या विल्यम ॲलन प्यूझी यांनीं १९०७ सालीं कार्बन डायॉक्साइडच्या बर्फानें डाग गोठविण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यानंतर रेडियमची लाट आली. स्वीडनमध्यें विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हजारों तान्ह्या मुलांच्या लाल गांठींवर रेडियमचे उपचार झाले. पुढें त्यांची पाहणी केली तेव्हां त्यांच्यांत स्तनांच्या व कंठग्रंथीच्या कर्करोगाचें प्रमाण वाढलेलें आढळलें. विशेष हें कीं, अशा बहुतेक गांठी उपचारावांचूनहि ओसरतात, हें लिस्टर या इंग्रज डॉक्टरांनीं १९३८ सालींच दाखविलें होतें. धीर धरण्याचा सल्ला छापून आलेला होता. तो मानवला नाहीं, इतकेंच.

१९६० सालीं लेसर किरण हातीं आले आणि सिनसिनाटी येथील लिऑन गोल्डमन यांनीं ते त्वचेवर वापरून पाहण्यास आरंभ केला. आरंभींच्या आर्गॉन लेसरानें डाग फिका होई, पण पुष्कळदां व्रण राही. १९८३ सालीं अँडरसन व पॅरिश यांनीं त्याचें मर्म सांगितलें : किरणाचा रंग रक्तानेंच शोषावा असा निवडावा, आणि झोत इतका क्षणिक असावा कीं उष्णता भोंवतालच्या त्वचेंत पसरूं नये. त्यांतून पल्स्ड डाय लेसर निघाला. पोर्ट-वाइन डागांवर तो आजहि मुख्य उपाय आहे. त्याला अनेक बैठका लागतात, आणि डाग समूळ जाईलच असें नाहीं. लाल गांठींचें औषध तर योगायोगानेंच सांपडलें. बोर्दो येथें हृदयाच्या त्रासासाठीं प्रोप्रॅनोलॉल दिलेल्या बालकाची गांठ मऊ पडून फिकी होऊं लागली, आणि लेओते-लाब्रेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तें २००८ सालीं प्रसिद्ध केलें. मोठे केसाळ मस शस्त्रक्रियेनें, कधीं टप्प्याटप्प्यानें, काढतात.

म्हणून प्रथम खुणेचें कुळ ओळखावें. डोळ्याजवळची, श्वासाला अडथळा करणारी किंवा चिघळलेली गांठ, कॉफीच्या रंगाचे सहा किंवा अधिक डाग, फार मोठा मस अथवा रूप पालटणारा मस असेल तर तज्ज्ञाकडे जाण्यास विलंब लावूं नये. पुष्कळ खुणांना मात्र कांहींच करावें लागत नाहीं. सोव्हिएत नेते मिखाइल गोर्बाचेव्ह कपाळावरचा ठळक डाग घेऊनच जगाच्या व्यासपीठावर वावरले.

२०१३ सालीं आणखी एक गोष्ट उलगडली. पोर्ट-वाइन डागाचें मूळ गर्भाच्या एखाद्या पेशींतील जनुकांत गर्भधारणेनंतर आपोआप होणाऱ्या बदलांत सांपडलें. तो बदल आईबापांकडून येत नाहीं. डोहाळे, ग्रहण किंवा आईच्या हातून घडलेली चूक यांचा त्याच्याशीं कांहीं संबंध नाहीं. डाग फिका करण्याचे उपाय पुढें आणखीहि निघतील. पण आईच्या माथीं शतकानुशतकें मारलेला दोष पुसून टाकण्यास घरांतल्या माणसांना कोणत्याच यंत्राची वाट पाहावी लागत नाहीं.