'शेतकऱ्यांना' मधला अर्धा र

आजचा भाग कानांपेक्षा डोळ्यांना जास्त कळेल, म्हणजे ट्रान्सक्रिप्ट वाचणाऱ्यांचा फायदा.

'शेतकऱ्यांना' हा शब्द बघा. य ला चिकटलेली ती वळणदार रेघ म्हणजे आपला अर्धा र. हिंदीचं त्याच्यावाचून अडत नाही, आपलं अडतं. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' डोंगरातल्या. आमच्या नांदेड-लातूरकडं समुद्र नाही, पण सोयाबीनच्या भावाचा मेसेज 'शेतकऱ्यांनो'शिवाय सुरू होत नाही. त्यातले कित्येक मेसेज 'शेतकर्यांनो' असे येतात. लिहिणाऱ्याला शुद्धलेखन येत नाही असं दरवेळी नसतं. गोष्ट तीस वर्षं जुनी आहे.

१९९१ साली भारतीय मानक ब्यूरोचं 'इस्की' नावाचं मानक आलं. आपल्या लिप्यांतल्या कुठल्या अक्षराला कॉम्प्युटरमध्ये कुठला नंबर, हे ठरवणारं. त्यात खाली टिंब असलेला 'ऱ' होता, मुळात दक्षिणेकडच्या भाषांमधला कडक र लिहायला. त्याचा पाय मोडला की मराठीचा अर्धा र मिळायचा. युनिकोडनं देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली. पण १९९६ च्या युनिकोड २.० मध्ये अर्ध्या र साठी वेगळी वाट होती: साधा र, पाय मोडायचा, आणि पुढं डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. नंतर इस्कीची वाट मान्य झाली, तरी जुनी बंद केली नाही. लोकांनी तोवर जे लिहून ठेवलं, ते मोडायचं कसं? लिनक्समध्येही हाच दंडक आहे. कर्नेल बदला, पण लोकांचे चालू प्रोग्रॅम मोडू नका, यावर लिनस टोरवाल्ड्स किती चिडतो ते प्रसिद्धच आहे.

परिणाम असा, की दोन 'शेतकऱ्यांना' दिसायला सारखे, पण मशीनला वेगळे. काही सॉफ्टवेअर ते न दिसणारं चिन्ह कचरा समजून काढून टाकतं, आणि रफार उडी मारून य च्या डोक्यावर जाऊन बसतो.

आता, युनिकोड हा काही ओपन सोर्स प्रकल्प नाही. तिथं मतं पैसे भरणाऱ्या सभासदांची, प्रस्ताव मात्र कुणीही द्यावा. पण नंबर मिळाला म्हणून अक्षर स्क्रीनवर दिसत नाही. त्याला फॉन्ट लागतो आणि अक्षरं जोडणारं इंजिन लागतं. हे काम मोठ्या प्रमाणात ओपन सोर्समध्ये झालं, आणि त्यातलं बरंच पुण्यात. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनं बनवलेले 'लोहित' फॉन्ट रेड हॅटनं २००४ मध्ये जीपीएल परवान्याखाली खुले केले. २०११ मध्ये त्यांना फॉन्टसाठीच लिहिलेला ओपन फॉन्ट लायसन्स लावला. जोडणीचं इंजिन म्हणजे 'हार्फबझ', जे अँड्रॉइडमध्येही आहे आणि फायरफॉक्समध्येही.

अशा प्रकल्पात तुमची दुरुस्ती कशी घेतात? हात वर करून तर नक्कीच नाही. अपाची फाउंडेशनच्या प्रकल्पांत कोडमधल्या बदलावर मत द्यायचा हक्क असलेल्या एकानं जरी तांत्रिक कारण देऊन 'उणे एक' म्हटलं, तरी तो बदल थांबतो. बाजूनं दहा जण असले तरी. पायथनमध्ये अंतिम शब्द वर्षानुवर्षं गिडो व्हान रॉसमचा होता. २०१८ मध्ये एका लहानशा चिन्हावरून इतका वाद झाला, की तो त्या पदावरून बाजूला झाला आणि पुढं पाच जणांची निवडलेली समिती आली. आपल्या मराठी विकिपीडियावर तर चर्चेच्या पानाचं नाव 'चावडी' आणि मत घेण्याच्या पानाचं 'कौल'. मला ही नावं भारी आवडतात.

फॉन्टमध्ये चावडी आणखी अवघड, कारण घर सामायिक आहे. एकाच देवनागरी फॉन्टवर हिंदी, मराठी, नेपाळी सगळे अवलंबून. आपल्याला पाकळीचा ल हवा, देठाचा श हवा, म्हणून सगळ्यांचाच बदलता येत नाही. उपाय असा निघाला, की दोन्ही आकार फॉन्टमध्ये ठेवायचे आणि मजकुरावर 'ही मराठी आहे' अशी खूण असेल तर आपला आकार दाखवायचा. खूणच नसेल तर हिंदीचा ल दिसतो, आणि शिव्या फॉन्टला बसतात.

म्हणून इथं 'मराठीचा अपमान झाला' ही तक्रार कुणाला वापरता येत नाही. कुठला शब्द, कुठल्या आवृत्तीत, काय दिसलं, काय दिसायला हवं होतं, आणि छापील पुस्तकातलं पान पुरावा म्हणून. हे मला रास्त वाटतं. खटकतं ते दुसरंच. हे सगळं इंग्रजीत लिहावं लागतं, आणि नोकरी सांभाळून रात्री कुणीतरी बसावं लागतं. ज्याचा शब्द रोज मोडतो तो शेतकरी या चर्चेत कधीच नसतो. त्याच्या वतीनं लातूर-नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजातलं एखादं पोरगं बसू शकतं. कोड लिहिता आलाच पाहिजे असंही नाही, नीट लिहिलेला बग हेही योगदान धरतात.

जाता जाता 'ॲ'. २००८ च्या युनिकोड ५.१ मध्ये त्याला स्वतंत्र नंबर मिळाला. तोवर आपण अ वर चंद्र काढून भागवत होतो, आणि तेही अजून चालतं. फोनच्या नोट्समध्ये 'अॅप' आणि 'ॲप' असं दोन्ही लिहा, मग त्यातला एक शोधून बघा. दुसरा सापडला का, ते कळवा.