परक्याचं नाव

वाचकहो, नाव ठेवणं वेगळं आणि नावं ठेवणं वेगळं. पहिलं बारशाला होतं, दुसरं पाठीमागे. युरोपातल्या एका जुन्या शब्दाने मात्र ही दोन्ही कामं एकदमच उरकली.

इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात ज्यूलियस सीझरने ‘वोल्काए’ नावाच्या केल्टिक टोळीचा उल्लेख केला आहे. ही टोळी जर्मन टोळ्यांच्या शेजारची. तिच्याच नावावरून जर्मन बोलींत ‘वाल्ह’ हा शब्द आला, असे भाषापंडित मानतात. आधी त्याचा अर्थ केल्ट एवढाच होता. पुढे रोमन अमलाखाली लॅटिन बोलू लागलेले लोकही त्यात आले. जो आपल्यासारखं बोलत नाही, तो वाल्ह!

इसवी सनाच्या ५ व्या शतकात अँगल आणि सॅक्सन टोळ्या समुद्र ओलांडून ब्रिटनमध्ये उतरल्या, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे नांदणाऱ्यांनाच त्यांनी हे नाव दिलं. आता बघा, आलेल्यांनी असलेल्यांना परकं ठरवलं! ‘वेल्स’ आणि ‘वेल्श’ ही नावं तिथली. जुन्या इंग्रजीत तर या शब्दाला ‘गुलाम’ असाही अर्थ चिकटला; त्यामागे काय घडलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

इंग्रजी शिकवणाऱ्या गुरुजींनी आणखी एक शब्द पाहावा: वॉलनट, म्हणजे आपला अक्रोड. त्यातला ‘वॉल’ भिंतीचा नव्हे, परक्याचा. परमुलखातून आलेलं फळ ते!

पूर्वेकडे स्लाव भाषांनी हा शब्द उचलला. पोलंडचा माणूस आजही इटलीला ‘व्वोखी’ म्हणतो. हंगेरियन भाषेत इटालियन तो ‘ओलास’, आणि रोमानियन माणसाचं जुनं नाव ‘ओलाह’, मूळ एकच. डॅन्यूबच्या उत्तरेच्या मुलखाला बाहेरचे लोक वालाकिया म्हणत, पण तिथली माणसं स्वतःला रोमनांचे वारस समजत. १८५९ मध्ये तो मोल्डाव्हियाशी जोडला गेला आणि पुढे देशाचं नाव रोमानिया झालं. बेल्जममधल्या वालून लोकांनी मात्र हेच नाव आपलं म्हणून मिरवलं.

वेल्श माणूस आपल्या देशाला ‘कम्री’ म्हणतो. त्या शब्दाचं मूळ आहे ‘एका मुलखातले लोक’. २०२१ च्या जनगणनेत वेल्श बोलता येतं असं सांगणारे सुमारे ५ लाख ३८ हजार निघाले. इंग्लंडहून तिकडे शिरताना रस्त्यावर स्वागताची पाटी लागते. एका भाषेत त्यावर देशाचं नाव ‘आपल्या लोकांचं’ असतं, दुसऱ्या भाषेत ‘परक्यांचं’.