५० केबीतला चेहरा आणि टिपेश्वरचा वाघ

आजची गोष्ट सुरू होते यवतमाळच्या कुठल्याही ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात. बँक भरतीची शेवटची तारीख आहे, रांग दाराबाहेर गेलीय आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य: "भाऊ, फोटो ५० केबीत बसवून दे ना."

मोबाईलमधला फोटो असतो ४ एमबीचा. आयबीपीएसच्या फॉर्मला हवा २० ते ५० केबीचा. म्हणजे जवळपास ८० पट लहान. तो बसतो कसा? बसताना त्यातलं काय जातं? आणि गेलेलं परत का येत नाही? आज हेच बघू.

आधी थोडं मागे जाऊ. फिल्मच्या काळात स्टुडिओत फोटो काढला की दोन वस्तू तयार व्हायच्या, निगेटिव्ह आणि प्रिंट. प्रिंट आपण घरी आणायचो. निगेटिव्ह बरेचदा स्टुडिओवाल्याकडेच राहायची, पाकिटावर नंबर टाकून. फोटो मोठा हवा असेल तर तो एन्लार्जरचं डोकं वर सरकवायचा, पासपोर्ट साइझ हवा असेल तर खाली. प्रिंट फाटली, भिजली, हरवली तरी घाबरायचं कारण नसायचं. निगेटिव्ह शाबूत होती ना!

डिजिटल फोटोत मात्र निगेटिव्ह आणि प्रिंट एकच झालं. आता जे काही आहे ते त्या एका फाइलमध्ये. आणि ती फाइल बहुतेक वेळा असते जेपीजी.

या जेपीजीच्या मुळाशी एक भारतीय माणूस आहे. नासिर अहमद, जन्म १९४०, बंगळूर. अमेरिकेत कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवत असताना चित्राची माहिती कमी जागेत बसवायची एक गणिती रीत त्यांना सुचली. १९७२ मध्ये त्यांनी नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे संशोधनासाठी पैसे मागितले. मिळाले नाहीत. तरी त्यांनी काम सोडलं नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबतचा त्यांचा लेख जानेवारी १९७४ मध्ये छापून आला. पुढे १९८६ मध्ये जेपीईजी नावाची तज्ज्ञांची समिती बसली, तिने हीच रीत उचलली आणि १९९२ मध्ये तिचं जागतिक मानक झालं.

रीत अशी. फोटोचे ८ बाय ८ ठिपक्यांचे बारीक चौकोन पाडायचे. प्रत्येक ठिपका वेगळा लिहून ठेवण्याऐवजी त्या चौकोनात उजेड-अंधार किती सावकाश आणि किती पटापट बदलतो, ते लिहायचं. आपला डोळा सावकाश होणारे बदल चांगले टिपतो, फार बारीक बदल त्याच्या लक्षात येत नाहीत. मग ते बारीक बदल टाकून द्यायचे. शेतात उभं राहून फोटो काढला तर वरचं मोकळं आभाळ थोडक्या जागेत मावतं, खालच्या पऱ्हाटीची पानं मात्र जागा खातात. फॉर्मच्या फोटोसाठी मागे साधी भिंत घ्या म्हणतात, त्याचा एक फायदा हाही आहे.

पण टाकलेलं ते टाकलेलं. फाइल नुसती उघडली किंवा कॉपी केली तर काही बिघडत नाही. एडिट करून पुन्हा जेपीजीत सेव्ह केली की आणखी थोडं गळतं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तरी तो आकसूनच पोचतो.

आता त्या दुकानातल्या रांगेकडे परत येऊ. आयबीपीएस २०० बाय २३० पिक्सेल सुचवतं. गुणाकार करा: ४६,००० ठिपके. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत ठिपके असतात सव्वा कोटीच्या आसपास! तेवढे सगळे ठेवून नुसती क्वालिटी पाडत ५० केबीवर आणलं तर चेहऱ्यावर चौकोन उमटतात. म्हणून क्रम पाळा. आधी क्रॉप करून चेहरा आणि खांदे ठेवा, मग पिक्सेल कमी करा, क्वालिटीला हात सगळ्यात शेवटी. आणि लहान केलेला फोटो पुन्हा मोठा करू नका. ॲप मधले ठिपके अंदाजाने भरतं, खरे ठिपके काही परत येत नाहीत.

फॉरमॅटचंही असंच. १९८७ च्या जीआयएफमध्ये एका चित्रात २५६ च रंग मावतात. त्यातल्या तंत्राच्या पेटंटसाठी १९९४ च्या शेवटी पैसे मागणं सुरू झालं, त्या वैतागातून १९९६ मध्ये पीएनजी आला. पीएनजी काहीच टाकून देत नाही, म्हणून स्क्रीनशॉट आणि अक्षरांसाठी तो उत्तम. फोटोसाठी मात्र जड पडतो. २०१७ पासून आयफोन एचईआयसीत फोटो ठेवतो, त्याला जागा कमी लागते. पण फॉर्मला जेपीजी हवा असेल तर नाव बदलून भागत नाही. पाटी बदलल्याने दुकानातला माल बदलत नाही! फाइल रीतसर कन्व्हर्टच करावी लागते.

मग लहान फोटो वाईट का? नाही. फॉर्मला ओळखीपुरता चेहरा पुरतो. पण जिथे फोटो हाच पुरावा असतो, तिथे काय?

आपल्याच जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ टिपेश्वर अभयारण्य आहे. तिथले वाघ लांब लांब जातात. मार्च २०२१ मध्ये औरंगाबाद जिल्ह्यातल्या गौताळा अभयारण्यात कॅमेरा ट्रॅपमध्ये एक वाघ दिसला. तो ३०० किलोमीटरहून जास्त अंतरावरच्या टिपेश्वरचा आहे, हे कळलं कशावरून? अंगावरच्या पट्ट्यांवरून. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिवजवळच्या येडशी अभयारण्यात दिसलेला वाघही फोटो जुळवल्यावर टिपेश्वरचाच निघाला.

प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, इतकंच काय, एकाच वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचेही वेगळे. म्हणून कॅमेरे वाटेच्या दोन्ही बाजूंना लावतात. २०१८ च्या देशव्यापी गणनेत असे तब्बल ३ कोटी ४८ लाखांवर फोटो जमले आणि त्यांतून २,४६१ वाघ वेगवेगळे ओळखता आले. आता विचार करा, टिपेश्वरचे जुने फोटो कुणी जागा वाचवायला ५० केबीचे करून मूळ फाइली उडवल्या असत्या तर? पुसट पट्ट्यांवरून कोण सांगणार होतं हा वाघ कुठला?

वाघाचं जे, तेच आपल्या घरचं. आजीचा शेवटचा फोटो फॅमिली ग्रुपवर फिरून फिरून पुसट होतो आणि ज्याच्या मोबाईलमध्ये मूळ होता, त्याने मोबाईल केव्हाच बदललेला असतो. तेव्हा मूळ फाइलला निगेटिव्ह समजा. लहान करायचं, कापायचं, फिल्टर लावायचा, तर तिची कॉपी काढून त्या कॉपीवर. व्हॉट्सॲपवर मूळ फोटो पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

निगेटिव्ह सांभाळणारा स्टुडिओवाला आता आपल्यामागे नाही. ते काम आता आपलं आपल्यालाच करायचंय. आज घरी गेलात की घरातला एक जुना फोटो शोधा आणि त्याची मूळ फाइल कुणाकडे आहे, एवढं विचारा. भेटू पुढच्या भागात!