सोनेरी पाने आणि राखणारे हात

छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादहून, वेरूळकडे निघाले की दौलताबादचा किल्ला मागे पडतो आणि खुलताबादच्या अलीकडे कागजीपुरा नावाचे गाव लागते. चौदाव्या शतकात महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी देवगिरीस आणली, तेव्हा तिच्याबरोबर कागद करणारे कारागीरही येथे आले, असे परंपरा सांगते. चिंध्या आणि ताग कुटून त्यांचा लगदा करायचा, तो साच्यावर उचलायचा, ओले ताव वाळवायचे, त्यांना खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडाने घोटून त्यांवर झिलई आणायची, असा हा उद्योग. या कागदावर शतकानुशतके फर्माने लिहिली गेली, हिशेब लिहिले गेले आणि धर्मग्रंथही लिहिले गेले.

घोटलेला कोरा ताव पाहिला म्हणजे एक विचार मनात येतो. कागद करणारा आपले काम करून मोकळा होतो. पुढे त्यावर लहिया लिहितो, चितारी रंग भरतो. परंतु हे तिघेही काळाच्या पडद्याआड गेल्यावर त्या ग्रंथाचे काय होते? काही ग्रंथ हजार वर्षे टिकतात, तर काही शंभर वर्षांतच वाळवीच्या मुखी पडतात. पवित्र शास्त्राची जी सुशोभित हस्तलिखिते जगात आज नावाजली जातात, त्यांचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर देतो. आणि त्या इतिहासाचे काही धागे आपल्या महाराष्ट्रातूनच गेलेले आहेत.

मध्ययुगीन युरोपच्या मठांतून शुभवर्तमानाचे ग्रंथ चर्मपत्रावर लिहिले जात. वासराचे किंवा मेंढीचे कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवून, खरवडून व ताणून त्याची पाने करीत. पिसाच्या लेखणीने मजकूर लिहून झाला, की आद्याक्षरांवर सोन्याचा वर्ख बसवून तो घोटीत. दिव्याच्या मंद प्रकाशात पान उलटताच ते सोने उजळून निघे. शब्द हाच प्रकाश, ही श्रद्धा त्या मठवासीयांनी अशी डोळ्यांना दिसेल अशी मांडली. सोन्याविनाही ही कला किती उंची गाठू शकते, हे इ. स. ८०० च्या सुमारास सिद्ध झालेल्या आयर्लंडच्या केल्स ग्रंथात दिसते. त्याच्या पानांवर सोन्याचा वर्ख नाही. रंग आणि रेषा यांवरच त्याचे सारे वैभव उभे आहे.

या ग्रंथाच्या नशिबी सोने आले ते मात्र वेष्टनाच्या रूपाने. केल्सच्या मठातील महान शुभवर्तमान-ग्रंथ १००७ साली चोरीस गेल्याची नोंद आयरिश बखरीत आहे, आणि केल्स ग्रंथ तो हाच, असे मानले जाते. दोन महिने आणि वीस रात्री उलटल्यावर तो मातीच्या ढेकळांखाली सापडला. चोरांनी सोने ओरबाडून नेले होते आणि शुभवर्तमान टाकून दिले होते. ज्या सोन्याने ग्रंथाचा सन्मान करायचा, त्याच सोन्यापायी तो संकटात सापडला. तो वाचला, कारण त्याचा शोध घेणारे कोणीतरी होते.

ज्यू लोकांची परंपरा याहून काहीशी निराळी. दहा आज्ञांतील मूर्तिनिषेधामुळे त्यांच्या शास्त्रग्रंथांत मानवी आकृती काढण्याकडे कल कमी राहिला. मात्र स्पेनसारख्या देशांत घरी वाचावयाच्या पुस्तकांत मोशे व मिसर देशातील प्रसंग रंगवले गेले, हेही खरे. मूळ हिब्रू शास्त्राच्या प्रतींत लेखकांनी अक्षरालाच चित्र केले. पाठ शुद्ध राहावा म्हणून समासात ज्या बारीक टिपा लिहिण्याचा प्रघात होता, त्यांच्या ओळी वळवून वळवून त्यांतून वेली, तारे आणि कमानी निर्माण केल्या. काही पाने मजकुराविना ठेवून ती गालिच्यासारख्या भौमितिक नक्षीने भरली. आपल्या शहरातील बीबीच्या मकबऱ्याची संगमरवरी जाळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही पाने परकी वाटणार नाहीत. जेथे देहाचे चित्र काढायचे नाही, तेथे रेषेलाच प्रार्थना व्हावे लागते.

या परंपरेचे एक शिखर म्हणजे ‘फार्ही बायबल’. एलिशा क्रेस्कस नावाच्या विद्वानाने १३६६ साली हा ग्रंथ लिहावयास घेतला आणि १३८२ साली पुरा केला. तेव्हा तो चाळिशी ओलांडलेला होता आणि ग्रंथ हातावेगळा झाला तेव्हा साठीकडे झुकला होता. हजारावर पृष्ठांच्या या ग्रंथाच्या आरंभी गालिच्यासारखी नक्षीची पाने आहेत, मंदिरातील पवित्र पात्रांची चित्रे आहेत आणि यरीहो नगराचा एक आराखडाही आहे. त्यात यरीहोभोवती तटांचे वेढे असे काढले आहेत, की आपल्याकडच्या वाचकाला चक्रव्यूहाचीच आठवण व्हावी.

हा ग्रंथ पुढे दमास्कसच्या फार्ही घराण्याकडे आला. त्या घराण्यातील हाईम फार्ही हे अक्काच्या पाशांचे कारभारी होते. एका पाशाने त्यांचा डोळा काढला, नाक कापले. आणि १८२० साली दुसऱ्या पाशाच्या हुकमाने त्यांचा वध झाला. ग्रंथ मात्र उरला आणि विसाव्या शतकात दाविद सॉलोमन ससून यांच्या संग्रहात दाखल झाला.

ससून हे नाव मराठी माणसाला नवे नाही. मुंबईची ससून गोदी, काळा घोड्याजवळचे दाविद ससून ग्रंथालय आणि पुण्याचे ससून रुग्णालय आपण सर्वच जाणतो. बगदादहून निघालेले दाविद ससून १८३२ साली मुंबईत स्थायिक झाले. १८६४ साली पुण्यात त्यांचे निधन झाले आणि लाल देऊळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सभास्थानाच्या आवारात त्यांची समाधी आहे. त्यांचे नातू दाविद सॉलोमन यांचा जन्म १८८० साली मुंबईतच झाला. त्यांच्या मातोश्री फ्लोरा या हिब्रू शास्त्रात पारंगत होत्या आणि पतीच्या निधनानंतर त्यांनी मुंबईची पेढी स्वतः चालवली. आठ वर्षांच्या दाविदने आपला पतंग दुसऱ्या एका मुलाला देऊन त्याच्याकडून रूथच्या पुस्तकाची एक दुर्मीळ प्रत घेतली, अशी आठवण त्यांच्याविषयी सांगितली जाते. ती प्रत बगदादी ज्यूंसाठी मुंबईतच छापलेली अरबी भाषेतील होती. १९०१ साली कुटुंब लंडनला गेले. पण पतंगापासून सुरू झालेला तो नाद सुटला नाही. १९३२ साली त्यांनी आपल्या हस्तलिखितांची ‘ओहेल दाविद’ ही दोन खंडांची सूची प्रसिद्ध केली. ‘ओहेल दाविद’ म्हणजे दाविदाचा तंबू.

या तंबूतील सर्वात ज्येष्ठ रत्नांपैकी एक ससून यांनी १९२९ साली साडेतीनशे पौंडांस घेतले होते. नवव्या शतकाच्या अखेरीस किंवा दहाव्याच्या आरंभी लिहिलेली ही जुन्या कराराची प्रत काही पाने वगळता संपूर्ण आहे. फार्ही बायबलासारखा तिचा थाट नाही. चर्मपत्रावर तीन स्तंभांत लिहिलेला मजकूर आणि समासात बारीक टिपा, इतकेच. तिच्या पानांवर तिची जीवनकथा मात्र नोंदलेली आहे. सिरियातील माकिसीन गावच्या सभास्थानाला ही प्रत अर्पण झाली होती. पुढे ते गाव उद्ध्वस्त झाले. तेव्हा सलामा इब्न अबी अल्-फख्र नावाच्या गृहस्थाकडे ती सांभाळावयास देण्यात आली. सभास्थान पुन्हा उभे राहील तेव्हा ती परत करावी, अशी अट होती. सभास्थान पुन्हा कधीच उभे राहिले नाही. सलामाने ती वाट किती काळ पाहिली असेल? १७ मे २०२३ रोजी न्यूयॉर्कच्या लिलावात ही प्रत ३ कोटी ८१ लक्ष डॉलर्सना विकली गेली आणि तेल अवीव येथील ज्यू लोकांच्या संग्रहालयास मिळाली. जगाने त्या रकमेची चर्चा केली. पण मध्यंतरीच्या शतकांत कोणी मोबदला न घेता ती जपली नसती, तर लिलावात मांडायला काय उरले असते?

आपल्या देशातही पवित्र शास्त्र रंगले आहे. १५८० साली येशूसंघीय धर्मगुरूंनी अकबरास अँटवर्पला छापलेले बहुभाषी बायबल भेट दिले, तेव्हा बादशहाने ते मस्तकी धरले. त्याच ग्रंथातील व इतर युरोपीय चित्रांवरून मोगल चिताऱ्यांनी पवित्र मरिया आणि येशू ख्रिस्त यांची चित्रे काढली. संत फ्रान्सिस झेविअर यांचे आप्त फादर जेरोम झेविअर यांनी ‘मिरात-उल्-कुद्स’ हे ख्रिस्तचरित्र फारसी भाषेत सिद्ध करून १६०२ साली अकबरास सादर केले. त्याच्या सचित्र प्रतींत बेथलेहेम आणि जेरुसलेम मोगल वेशात अवतरले. अशी एक प्रत आज अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या संग्रहालयात आहे. परंतु ती अखंड राहिलेली नाही, तिची काही पाने सुटून अन्यत्र गेली. चित्र सुंदर असले, की ते ग्रंथापासून तोडून विकण्याचा मोहही मोठा असतो. सौंदर्याने ग्रंथ राखला जातो आणि सौंदर्यानेच तो विस्कटतो.

त्याच शास्त्राला मराठमोळा वेश चढला तो पुण्यात. १८७४ साली विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात बेने इस्राएल समाजासाठी हिब्रू व मराठी अशा दोन्ही भाषांत एक ‘हगादा’ छापली गेली. वल्हांडण सणाच्या रात्री घरोघरी वाचावयाचे हे पुस्तक. मिसर देशातून झालेल्या सुटकेची कथा त्यात असते. या पुस्तकातील एका चित्रात सणाची बेखमीर भाकर तयार होत आहे. आणि ती करणाऱ्या स्त्रिया साडी नेसलेल्या व जमिनीवर बसलेल्या आहेत. कोकणात तेलाचे घाणे चालवून, शनिवारी ते बंद ठेवून ज्या समाजाने आपला धर्म जपला, त्याने आपल्या आयाबहिणींना शास्त्राच्या पानावर स्थान दिले. छापखाना हिंदू मालकाचा, कथा मोशेची आणि भाषा मराठी. येथे सोन्याचा कणही नाही. पण ज्या घरात ते पुस्तक उघडले जाई, त्या घरातील माणसे स्वतःला त्यात पाहत.

आता आपल्या ख्रिस्ती मराठीच्या आद्य ग्रंथाकडे वळू. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ प्रथम १६१६ साली राशोल येथे छापले गेले आणि पुढे १६४९ व १६५४ साली पुन्हा निघाले. या तीनही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले, त्यानंतर अशा पुस्तकांवर काय ओढवले असेल, याची कल्पना करता येते. सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे पुराण तरीही आपल्यापर्यंत पोहोचले, ते हस्तलिखितांच्या वाटेने. रोमन लिपीतील जुन्या प्रतींवरून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला त्याची आवृत्ती काढली. पुढे लंडनमध्ये मार्सडेन संग्रहात देवनागरी प्रत आढळली आणि फादर कारिदाद द्रागो यांनी १९९६ साली देवनागरी आवृत्ती सिद्ध केली.

या प्रतींना सोन्याचा वर्ख नव्हता आणि त्यांच्यासाठी कोणा धनिकाची तिजोरीही नव्हती. सांसारिक माणसांनी दिव्याच्या उजेडात बसून ओवीमागून ओवी उतरवून घेतली, कारण ती त्यांना गावयाची होती. मुद्रणाने जे राखले नाही, ते या नकलाकारांनी राखले. केल्सचा चोर, अक्काचा पाशा आणि गोव्याचे फर्मान यांच्यासमोर ग्रंथाला आधार मिळाला तो राखणाऱ्या हाताचाच. ग्रंथ सोन्याने उजळतो; टिकतो मात्र कोणीतरी तो आपला मानतो म्हणून.

हे ओळखले म्हणजे आपल्याकडेही पाहावेसे वाटते. औरंगाबाद धर्मप्रांताची स्थापना १९७७ साली झाली. पण मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतील श्रद्धा त्याहून जुनी आहे. बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या जुन्या नोंदवह्या, आजोबांनी उतरवून घेतलेल्या भजनांच्या वह्या, प्रार्थनांची हस्तलिखित पुस्तके हेच आपल्या समाजाचे हस्तलिखित भांडार. घर बदलताना, देवळाचे जुने कपाट काढताना, रद्दीवाला दारात आला असताना त्यांतील एखादी वही सहज हातावेगळी होते. तिला लिलावात कोणी किंमत देणार नाही. म्हणूनच तिला सलामाची गरज अधिक आहे. धर्मग्रामातील एखाद्या तरुणाने अशा वह्या गोळा कराव्यात, कोरड्या जागी कापडात गुंडाळून ठेवाव्यात, त्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि वही कोणी, कोठे, कधी लिहिली, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पहिल्या पानाशी नोंदून ठेवावे. तेवढ्या नोंदीनेही ती वही पुढच्या पिढीच्या हाती अनाथ म्हणून जाणार नाही.