सर्व्हर बंद झाला, ठोसे उरले

'जोजोज बिझार अ‍ॅडव्हेंचर: डायमंड रेकॉर्ड्स' हा मोबाइल गेम बान्दाई नामको कंपनीने जपानमध्ये 2017 साली आणला आणि 2019 साली बंद केला. हिरोहिको अराकी यांची मूळ चित्रकथा 1987 पासून 'शोनेन जंप' साप्ताहिकात येऊ लागली होती. तिच्यातले निरनिराळ्या पिढ्यांचे लढवय्ये या गेममध्ये जमवायचे आणि लढवायचे.

मी पुण्यात अ‍ॅनिमेशन शिकवते, त्यामुळे गेम बंद झाल्याची बातमी वाचली की माझ्या मनात आधी त्या पात्रांमागची मेहनत येते. पात्र घडवायचं, त्याच्या आत हाडांचा सांगाडा बसवायचा, कातडी त्या हाडांना अशी बांधायची की कोपर दुमडताना दंड चेपता कामा नये. मग उभं राहणं, धावणं, ठोसा मारणं, मार खाऊन कोसळणं, हे एकेक करून बसवायचं. 'ओरा ओरा' म्हणत जोतारो या पात्राची शक्ती ठोशांचा पाऊस पाडते, तो पडद्यावर काही सेकंद टिकतो. अ‍ॅनिमेटरचे त्यात दिवस जातात.

जुन्या गेमची कॅसेट कपाटात राहायची. कंपनी बुडाली तरी कॅसेट लावून खेळता यायचं. मोबाइल गेमचा अर्धा जीव कंपनीच्या सर्व्हरवर असतो. खेळाडूचं खातं, त्याने जमवलेली पात्रं, मोजलेल्या पैशांचा हिशेब, सगळं तिकडे. सर्व्हर बंद झाला की ते परत येत नाही. पण पात्रांची मॉडेल्स, त्यांच्यावरचे रंग, त्यांच्या हालचाली खेळाडूच्या फोनवर उतरलेल्या असतात. चाहत्यांच्या हाती उरतं ते एवढंच.

आणि फायटिंग गेमला एवढंच पुरतं. दोन लढवय्ये, एक मैदान, समोरासमोर बसलेली दोन माणसं. कथा नको, खातं नको, रोजची बक्षिसं नकोत. बंद पडलेला गेम फायटिंग गेमच्या रूपात परत येतो, त्याचं कारण मला इथे दिसतं. 'डायमंड रेकॉर्ड्स रिव्हर्सल' हा चाहत्यांनी केलेला मोफत गेम याच वाटेने आला. पात्रं जुन्या गेमची, लढाईची घडण नवी.

ही वाट मोबाइलच्या आधीची आहे. टोकियोत 1975 पासून कॉमिकेट भरतं. हौशी मंडळी आपल्या आवडत्या कथांवर स्वतः केलेली पुस्तकं आणि गेम तिथे विकतात. याच हौशी जगात 1998 साली वातानाबे सेइसाकुजो या गटाने 'टू हार्ट' या प्रेमकथेच्या गेममधल्या शाळकरी मुलींना घेऊन 'द क्वीन ऑफ हार्ट' हा फायटिंग गेम केला. त्याच मंडळींनी टाइप-मून या गटाबरोबर 2002 च्या डिसेंबरात 'मेल्टी ब्लड' आणला. त्या मालिकेचा पुढचा गेम 2022 मध्ये इव्हो या फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धेत मुख्य खेळांमध्ये होता. हौसेने सुरू झालेलं काम तिथवर पोचलं.

1999 मध्ये एलेकबाइट या गटाचं 'मुगेन' हे फायटिंग गेम बनवण्याचं साधन आलं आणि प्रोग्रामिंग न येणाऱ्यांनाही दार उघडलं. चित्रांची एक फाइल, हालचालींची एक, कोणत्या बटणांनी कोणती चाल हे लिहिलेली एक. अशा काही फाइली जमल्या की पात्र उभं राहायचं. कॅपकॉमने 1998 मध्ये आर्केडसाठी केलेल्या जोजोच्या गेममधली पात्रंही मुगेनमध्ये आली. पात्राबरोबर एक साधी मजकुराची फाइल द्यायची आणि चित्रं कुठली, आवाज कुणाचे, मदत कुणी केली हे त्यात लिहायचं, अशी रीत पडली. माझ्या विद्यार्थ्यांना मी ती रीत आवर्जून सांगते.

यातलं बरंचसं परवानगीशिवाय चालतं, हेही खरं. 'माय लिटल पोनी' या कार्टून मालिकेवर चाहते करत असलेला फायटिंग गेम 2013 मध्ये हासब्रो कंपनीच्या नोटिशीने थांबला. त्या गटाने हार न मानता नवी पात्रं घेतली. ती रेखाटून दिली त्या मालिकेला आकार देणाऱ्या लॉरेन फॉस्ट यांनीच, आणि 'देम्स फायटिन हर्ड्स' हा त्यांचा स्वतःचा गेम झाला. कंपनीचा हक्क मी नाकारत नाही. पण ज्या कामातून कंपनीने स्वतः हात काढून घेतला, ते फुकटात जपणाऱ्यांना चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

खरी जबाबदारी गेम बंद करणाऱ्यांची आहे. कॅपकॉमने 'मेगा मॅन एक्स डाइव्ह' या मोबाइल गेमची सर्व्हरशिवाय चालणारी आवृत्ती 2023 मध्ये विकायला काढली. म्हणजे हे करता येतं. प्रत्येक कंपनीने बंदची तारीख जाहीर करताना अशी आवृत्तीही जाहीर करावी. तोवर त्या अ‍ॅनिमेटरांची मेहनत लोकांच्या हातात खेळती ठेवण्याचं काम चाहते करत आहेत, आणि त्यांचं ऋण आमच्या व्यवसायाने उघडपणे मानायला हवं.